विश्लेषण : स्वस्त चिनी मोटारसायकल घेतली, पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काय सांभाळाल?

जीएसटी कपातीनंतर छोट्या दुचाकींच्या किमती उतरल्या आणि चिनी मालकीच्या ब्रँडच्या देखण्या बाईकही अनेकांच्या हप्त्याच्या हिशेबात बसू लागल्या. या गाड्या खरोखर तकलादू असतात का? नव्या गाडीत काय तपासायचे, बिघाड घरच्या घरी कसा ओळखायचा आणि शोरूमने हात वर केले तर दाद कुठे मागायची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सुट्या भागांच्या स्वरूपात आणून येथे जोडल्या जाणाऱ्या मोटारसायकलींवरील सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आले होते. दोन्ही निर्णय चिनी गाड्यांसाठी घेतलेले नव्हते, पण त्यांनाही त्याचा फायदा मिळाला. रील पाहून बाईक पसंत करायची, ऑन रोड किंमत विचारायची आणि हप्ता ठरवायचा, हा अनेक तरुणांचा आजचा क्रम आहे. ‘सर्व्हिसचे काय?’ हा प्रश्न येतो तो पहिल्यांदा गाडी रस्त्यात बंद पडल्यावर. तो आधी विचारला तर बराच मनस्ताप टळू शकतो.

भारतात ‘चिनी बाईक’ म्हणजे नेमके काय?

चीनच्या झेजियांग प्रांतातील छियानजियांग हा मोठा दुचाकी उत्पादक समूह आहे. मूळचा इटालियन असलेला बेनेली हा ब्रँड २००५ पासून त्याच्या मालकीचा आहे. कीवे आणि क्यूजे मोटर ही नावेही त्याच समूहाची. झोंटेस हा आणखी एक चिनी ब्रँड. हैदराबादच्या आदिश्वर ऑटो राइड इंडिया या कंपनीमार्फत हे ब्रँड भारतात विकले गेले. कीवेची एसआर १२५ ही जुन्या धाटणीची एअर-कूल्ड बाईक ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत १ लाख १९ हजार रुपये होती.

हा आकडा पाहून गोंधळ होऊ शकतो, कारण भारतीय कंपन्यांच्या साध्या १२५ सीसी गाड्या त्या वेळी याहून स्वस्त होत्या. आफ्रिका, लॅटिन अमेरिका किंवा पाकिस्तानात चिनी बाईक सर्वांत कमी किमतीत मिळते म्हणून घेतली जाते. भारतात तसे नाही. येथील कंपन्यांचे उत्पादनच इतके प्रचंड आहे की केवळ किमतीवर त्यांना हरवणे अवघड आहे. भारतात चिनी बाईक स्वस्त वाटते ती तिच्या रूपाच्या आणि फीचर्सच्या तुलनेत. अशी दुसरी गाडी घ्यायची तर जास्त मोजावे लागतील, हा तिचा खरा मुद्दा.

या गाड्या स्वस्त कशा पडतात?

याचे उत्तर चोंगचिंग या शहरात मिळते. लिफान, लोन्सिन, झोंगशेन या तिन्ही मोठ्या कंपन्या याच शहरातल्या. तेथे एकाच मापाचे भाग बनवणारे असंख्य छोटे-मोठे पुरवठादार आहेत. कार्ब्युरेटर एकाकडून, वायरिंग दुसऱ्याकडून, स्विच तिसऱ्याकडून. प्रत्येक भागासाठी दोन-चार पुरवठादारांत स्पर्धा, आणि कंपनीचे काम मुख्यतः जोडणीचे. नवी रचना तयार करण्याचा खर्चही बऱ्याचदा वाचतो, कारण इंजिनचा सांगाडा जुना आणि सिद्ध झालेला असतो.

त्यातील सर्वांत गाजलेला सांगाडा होंडाच्या सीजी १२५ चा. होंडाने ही गाडी १९७६ मध्ये आणली ती विकसनशील देश डोळ्यांसमोर ठेवून. तेथे गाडीवर दुप्पट वजन लादले जाते आणि ऑइल वेळेवर बदलले जात नाही, हे गृहीत धरून इंजिन साधे ठेवण्यात आले. व्हॉल्व्ह हलवण्यासाठी वर कॅमशाफ्ट व टायमिंग चेन देण्याऐवजी खालून पुशरॉड दिले गेले. या इंजिनच्या असंख्य नकला चीनमध्ये निघाल्या आणि आजही जगभरच्या स्वस्त बाईकमध्ये ‘सीजी इंजिन’ म्हणून त्या ओळखल्या जातात. दुर्लक्ष सोसण्यासाठी बनवलेले इंजिन नकलेत मात्र तितके सोशिक राहत नाही. रचना तीच असली तरी धातूचा दर्जा, त्यावरील उष्णता-प्रक्रिया आणि तपासणी तीच असेल याची खात्री नसते.

म्हणजे चिनी माल वाईटच का?

नाही. लोन्सिनने बीएमडब्ल्यूसाठी अनेक वर्षे इंजिने बनवली आहेत. हार्ले-डेव्हिडसनची एक्स ३५० ही छोटी बाईक क्यूजे बनवते. म्हणजे चीनमधील कारखान्याला उत्तम काम येत नाही, असे नाही. ग्राहक कंपनी ज्या दर्जाचे पैसे मोजते तो दर्जा तिला मिळतो.

मग कमी किमतीच्या गाडीत काय कापले जाते? काही ठिकाणी धातूचा दर्जा, पण बहुतेकदा तपासणीचा वेळ. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला आहे का, वायरचा कपलर पूर्ण बसला आहे का, बेअरिंगमध्ये ग्रीस पुरेसे आहे का, टॅपेट बरोबर आहे का, हे पाहायला माणूस आणि मिनिटे लागतात. महागड्या गाडीच्या किमतीत ती मिनिटे धरलेली असतात. स्वस्त गाडीत ती डीलरवर सोपवली जातात आणि डीलरने टाळली तर मालकावर येतात. म्हणूनच अशा गाडीच्या अनेक तक्रारी पहिल्या हजार किलोमीटरमध्ये दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच सैल बोल्ट, ढिला कपलर, ताणलेली चेन अशा किरकोळ कारणांच्या असतात.

व्हिएतनामने काय पाहिले, आफ्रिकेत वाळूज कसे पोहोचले?

२०००-०१ च्या सुमारास व्हिएतनाममध्ये चिनी मोटारसायकलींचा पूर आला. होंडाच्या गाडीच्या किमतीच्या एका अंशात बाईक मिळू लागली आणि होंडाचा बाजार झपाट्याने घटला. २००२ मध्ये होंडाने खर्च कमी करण्यासाठी चिनी भागही वापरून वेव्ह अल्फा ही स्वस्त गाडी आणली. तोवर चिनी गाड्यांचा टिकाऊपणा लोकांनी अनुभवला होता आणि त्यांना जुन्या बाजारात भाव उरला नव्हता. ग्राहक होंडाकडे परतला.

पाकिस्तानात चित्र वेगळे राहिले. तेथील ७० सीसी चिनी गाड्या होंडाच्या सीडी ७० च्या रचनेवर बेतलेल्या आहेत. ती रचना गल्लीतल्या मेकॅनिकला पाठ आहे आणि तिचे सुटे भाग सहज मिळतात. त्यामुळे या गाड्या टिकून राहिल्या. आफ्रिकेत मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्यांचे पोटच गाडीवर असते. गाडी एक दिवस गॅरेजमध्ये राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते. तेथे चिनी गाड्या सुरुवातीला स्वस्त असूनही बजाजच्या बॉक्सरने आणि टीव्हीएसच्या एचएलएक्सने जम बसवला. बजाजच्या मोटारसायकल निर्यातीत छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज प्रकल्पाचा मोठा वाटा आहे. तिन्ही ठिकाणांचा अनुभव एकच सांगतो: ग्राहक सुरुवातीला किंमत पाहतो, पण दुसरी गाडी घेताना सुटे भाग आणि मेकॅनिक पाहतो.

पुण्याचा २०१८ चा धडा कोणता?

महाराष्ट्रातील बाईकप्रेमींना हे वेगळे सांगायला नको. बेनेलीच्या गाड्या २०१५ मध्ये भारतात आल्या त्या पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्समार्फत. मूळ समूह आर्थिक संकटात सापडला आणि २०१८ मध्ये ही भागीदारी संपली. त्याच वर्षी हैदराबादच्या कंपनीशी नवा करार जाहीर झाला. मधल्या काळात अनेक मालक सुट्या भागांसाठी आणि सर्व्हिससाठी ताटकळले. गाडी बनवणारी कंपनी चीनमध्ये सुस्थितीत होती, पण येथे भाग मागवणारा दुवाच तुटला होता.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयात होणाऱ्या ब्रँडची गाडी घेताना आपण दोन कंपन्यांवर विश्वास टाकतो: बनवणारी आणि आणणारी. दुसरीची माहिती काढणे पहिलीइतकेच गरजेचे आहे.

शोरूममधून निघण्यापूर्वी काय तपासावे?

गाडी शोरूमला पेटीतून येते तेव्हा आरसे, बॅटरी, काही वेळा हँडल आणि चाकही तेथेच बसवले जाते. यानंतरची तपासणी म्हणजे पीडीआय. तिची सही केलेली यादी मागून घ्या. त्याशिवाय स्वतः या गोष्टी पाहा.

१. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. कुठे अडकत असेल, वायर किंवा केबल ताणली जात असेल तर तेथेच दुरुस्त करून घ्या.

२. पुढचे व मागचे चाक स्टँडवर फिरवून पाहा. डिस्कवर तेल किंवा गंजरोधक थर राहिला असेल तर ब्रेक नीट लागत नाही. तो ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावा.

३. इंजिन ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून पाहा, साइड स्टँडवर नाही.

४. एक्सलचे नट, इंजिनचे माउंटिंग बोल्ट, हँडल क्लॅम्प आणि ब्रेक कॅलिपरचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले आहेत का ते विचारा. ‘हाताचा अंदाज’ हे उत्तर स्वीकारू नका.

५. चेसिस व इंजिन क्रमांक बिलाशी जुळवा आणि त्यांचा फोटो ठेवा. एकाच मॉडेलमध्ये उत्पादनाच्या वेगवेगळ्या तुकड्यांत स्विच, केबल किंवा सेन्सर बदललेले असू शकतात. भाग मागवताना हाच क्रमांक कामी येतो.

६. टाकीजवळ किंवा मॅन्युअलमध्ये ‘ई२०’ चा उल्लेख आहे का ते पाहा. सध्या पंपावर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. गाडीचे रबरी पाइप आणि सील त्याला चालणारे हवेत.

पहिले हजार किलोमीटर इतके महत्त्वाचे का?

नव्या इंजिनमध्ये पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना घासून बसतात. गिअरचे दातही तसेच बसतात. यातून निघणारी धातूची बारीक भुकटी ऑइलमध्ये जाते. म्हणून पहिले ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर, साधारण ५०० ते १००० किलोमीटरला, बदललेच पाहिजे. ‘ऑइल अजून स्वच्छ दिसतेय’ म्हणून ते पुढे ढकलू नये. सीजी प्रकारच्या अनेक इंजिनांत कागदी फिल्टर नसतो, जाळी असते. ती पहिल्या सर्व्हिसला काढून धुवायला सांगा.

ऑइल कोणते, हेही महत्त्वाचे. बहुतेक मोटारसायकलींमध्ये क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यामुळे डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ अशी खूण असलेलेच ऑइल घ्यावे. चारचाकीचे घर्षण कमी करणारे ऑइल टाकले तर क्लच घसरू शकतो. इंजिन ओरडते, पण गाडी पुढे ओढत नाही.

या काळात एकाच वेगाने लांबचा प्रवास टाळावा. पुणे-मुंबई सलग ताणण्यापेक्षा शहरात गिअर बदलत चालवलेली गाडी चांगली बसते. फुल थ्रॉटल नको, तसेच वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवत चढ चढणेही नको. दीडशे-दोनशे किलोमीटर झाल्यावर सर्व महत्त्वाचे बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत. मात्र उत्साहाच्या भरात जोर लावू नये. ॲल्युमिनियममध्ये बसणाऱ्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर इतकाच जोर पुरतो. मोठ्या पान्याने आवळले की आटे जातात आणि दहा रुपयांच्या बोल्टपायी हजारोंचे काम निघते.

चेन आणि टॅपेट: दोन दुर्लक्षित गोष्टी कोणत्या?

स्वस्त गाडीत बऱ्याचदा ओ-रिंग नसलेली साधी चेन असते. ती सुरुवातीला लवकर सैल होते. दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर तिला चेन ल्यूब लावावे. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे, साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवावी. चेन घट्ट असली की चांगली, हा मोठा गैरसमज आहे. मागे माणूस बसला आणि सस्पेन्शन दबले की चेन आणखी ताणते. तो ताण थेट चाकाच्या आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. चेन ॲडजस्टरवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा स्वस्त गाडीत अचूक असतीलच असे नाही. स्विंगआर्मच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचे अंतर दोन्हीकडे टेपने मोजून घ्यावे.

दुसरी गोष्ट टॅपेट. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांत केसाएवढी मोकळीक ठेवलेली असते. नव्या इंजिनमध्ये व्हॉल्व्ह आपल्या जागी बसत जातात आणि ही मोकळीक कमी होऊ शकते. ती संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. गरम झाल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देते, आयडलिंग पडते आणि फार काळ चालवली तर व्हॉल्व्ह जळतो. मोकळीक जास्त असेल तर डोक्यातून ‘टकटक’ असा आवाज येतो. थोडा आवाज येणारी गाडी मालकाला त्रास देते, पण सुरक्षित असते. एकदम शांत झालेली गाडी तपासायला हवी. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच फीलर गेजने सेट करावे. सकाळी गाडी चालवत नेऊन लगेच करून घेतलेले सेटिंग चुकीचे ठरते. शक्य असेल तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला ठेवावी.

गाडी सुरूच होत नाही, तर सुरुवात कुठून करावी?

टोइंगला फोन करण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. क्रम चुकवू नका.

प्रथम किल स्विच पाहा. मग साइड स्टँड पूर्ण वर आहे का ते पाहा. बहुतेक नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होते. या स्विचमध्ये चिखल गेला तर स्टँड वर असूनही गाडीला ते कळत नाही. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. क्लच लिव्हरखालचा छोटा स्विच निसटला तरी गाडी ‘मेल्यासारखी’ वाटते.

आता चावी ऑन करून कान द्या. बीएस६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि त्यानंतर जवळपास सर्वच नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी फ्यूएल इंजेक्शन आले. चावी लावताच टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. आवाज आला नाही तर फ्यूज, रिले आणि पंपाचा कपलर पाहा. आवाज आला आणि सेल्फही फिरतोय, पण गाडी घेत नाही, तर प्लग काढून पाहा. काळा-ओला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. कॉफीसारखा तपकिरी रंग चांगला.

डॅशबोर्डवरचा इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा चावी लावल्यावर पेटून इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. तो चालू राहिला तर संगणकाने दोष नोंदवला आहे. तो कोड स्कॅनर लावून वाचता येतो. शोरूमकडे तुमच्या मॉडेलचा स्कॅनर आहे का, हे गाडी घेण्यापूर्वीच विचारण्याजोगे आहे.

बॅटरी, चार्जिंग की वायरिंग, कसे ओळखावे?

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घरी असला तर हा गुंता दहा मिनिटांत सुटतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळाले तर ती भरलेली आहे. १२ किंवा त्याखाली असेल तर ती उतरली आहे. सेल्फ मारताना आकडा १० च्या खूप खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे. इंजिन सुरू करून थ्रॉटल थोडा वाढवल्यावर १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवे. आकडा वाढतच नसेल तर मॅग्नेट कॉइल, रेग्युलेटर किंवा त्यांच्यामधल्या कपलरमध्ये दोष आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तशी गाडी चालवली तर बॅटरी आणि दिवे दोन्ही जातात.

एक जुनी सवय मात्र सोडावी लागेल. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी चार्ज करते का’ हे पाहण्याची गॅरेजमधली पद्धत कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी चालून जात होती. इंजेक्शनच्या गाडीत त्यामुळे व्होल्टेज उसळून ईसीयू जळू शकतो, आणि चिनी गाडीचा ईसीयू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. तसेच फॉग लॅम्प किंवा मोठा हॉर्न बसवताना मूळ वायर सोलून जोड मारू नये. छोट्या गाडीची कॉइल मोजकीच वीज बनवते, आणि अशा जोडामुळे वॉरंटी नाकारायला शोरूमला कारण मिळते.

कोकणात आणि घाटमाथ्यावरच्या पावसात वायरिंगचे कपलर हा पहिला बळी. पाणी शिरले की हिरवट थर चढतो आणि गाडी मधूनच मिसिंग करते. पावसाळ्यापूर्वी टाकी-सीटखालचे कपलर उघडून, सुकवून त्यात डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून घ्यावे. चेसिसला जोडलेल्या अर्थिंगच्या बोल्टखाली रंग राहिला असेल तर तो घासून काढावा. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पंपाचा फवारा कपलरवर आणि मीटरवर मारू देऊ नये. टाकी नेहमी रिझर्व्हवर चालवण्याची सवयही सोडावी, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

कोणता भाग कुठेही मिळतो, कोणता अडकवतो?

सर्वच सुटे भाग दुर्मीळ नसतात. बेअरिंगवर ६२०२, ६३०१ असा क्रमांक कोरलेला असतो. ते जगभर एकाच मापाचे असतात आणि कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. टायर, बॅटरी, बल्ब, प्लग, ऑइल सील यांचेही तसेच. बऱ्याच छोट्या गाड्यांची चेन ४२८ मापाची असते. ती सहज मिळते, स्प्रॉकेटचे दात आणि बोल्टची जागा तेवढी जुळवावी लागते.

अडकवणारे भाग वेगळे: ईसीयू, मीटर, फ्यूएल पंपाचा संपूर्ण संच, थ्रॉटल बॉडी, हेडलॅम्प, लिव्हर आणि प्लास्टिकचे पॅनेल. गाडी पडली की लिव्हर आणि हेडलॅम्प हेच आधी तुटतात. डिलिव्हरी बॉयसाठी किंवा रोज ४० किलोमीटर कामावर जाणाऱ्यासाठी लिव्हर नाही म्हणून आठवडा वाया जाणे परवडत नाही. म्हणून क्लच-ब्रेकचे लिव्हर, क्लच वायर आणि ब्रेक पॅड यांचा एक संच गाडीबरोबरच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

शोरूमने दाद दिली नाही तर?

प्रत्येक सर्व्हिस वेळेवर आणि बिलासह करा. वॉरंटीच्या वादात तेच पहिले मागितले जाते. तक्रार तोंडी न करता जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याचा फोटो ठेवा. सुटा भाग ‘मागवला आहे’ असे उत्तर मिळाले तर अपेक्षित तारीख लेखी मागा.

तरीही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी हैदराबादला आहे म्हणून तेथे जावे लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

आयात होणाऱ्या गाडीबाबत या कायद्यातील आणखी एक तरतूद उपयोगी आहे. उत्पादनातील दोषामुळे इजा किंवा नुकसान झाले आणि उत्पादकाची ओळख पटत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचवता येत नसेल, तर विक्रेत्यावर जबाबदारी येऊ शकते. ‘कंपनी चीनची आहे, आम्ही काय करणार’ हे उत्तर त्यामुळे अंतिम ठरत नाही.

मग घ्यावी की नाही?

ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, रविवारी पाना हातात धरण्याची आवड आहे आणि शहरातच सर्व्हिस सेंटर आहे, त्याला स्वस्त चिनी बाईक चांगली साथ देऊ शकते. कमी किमतीत जे तपासणीचे तास वाचवले गेले, ते त्याने स्वतः दिले की झाले. पण जिच्यावर घराचा खर्च चालणार आहे अशी एकुलती एक गाडी घ्यायची असेल, तालुक्याच्या गावी राहायचे असेल आणि जवळचे सर्व्हिस सेंटर दीडशे किलोमीटरवर असेल, तर हिशेब बदलतो. तेथे गल्लीतल्या मेकॅनिकला पाठ असलेली गाडीच स्वस्त पडते.

टोकन देण्यापूर्वी शोरूमच्या सर्व्हिस विभागात जाऊन चार गोष्टी विचारा: क्लच लिव्हर आत्ता स्टॉकमध्ये आहे का, फ्यूएल पंप मागवला तर किती दिवस लागतात, या मॉडेलचा स्कॅनर येथे आहे का, आणि गेल्या महिन्यात या मॉडेलच्या किती गाड्या सर्व्हिसला आल्या. सेल्समनपेक्षा तेथल्या मेकॅनिकचे उत्तर अधिक खरे असते. बाहेर उभ्या असलेल्या एखाद्या मालकाशी दोन मिनिटे बोललात, तर टेस्ट राइडमध्ये न कळणाऱ्या गोष्टीही समजतील.